एकाच देवाचे व्याही

लग्न जमवायचे म्हटले की आमच्याकडे पहिली चौकशी पत्रिकेची. आमच्या धाकटीने आपले लग्न आपणच जमवले होते, तरी सौभाग्यवतींनी रिवाज सोडला नाही. "मुलाची पत्रिका तेवढी पाठवा," असे त्यांनी भावी व्याह्यांना मोठ्या गोडीने सांगितले. व्याही वसईचे कॅथलिक. ते आणि मी तीस वर्षे एकाच बँकेत शेजारी शेजारी बसलो. तेव्हापासून आमच्या घरात सगळे त्यांना 'वसईकर'च म्हणतात. ते हसून म्हणाले, "वहिनी, बाप्तिस्म्याचा दाखला लागेल तेवढ्या प्रती पाठवतो. पत्रिका मात्र आमच्यात नसते. ती पाहणे आमच्या पहिल्या आज्ञेत बसत नाही."

मला वाटले, गृहस्थ थट्टा करीत आहेत. पण ती थट्टा नव्हती. मोशेला सीनाय पर्वतावर दहा आज्ञा मिळाल्या, हे आपण शाळेत कुठेतरी वाचलेले असते. त्यांतली पहिली अशी, की देव एकच, त्याच्यावाचून दुसऱ्या कुणाची आराधना करायची नाही. आपल्याला वाटते, म्हणजे मूर्तिपूजा नको, संपले. पण कॅथलिक धर्मशिक्षणात या एका आज्ञेचा पसारा मोठा आहे. १९९२ साली रोमहून जो धर्मशिक्षणाचा ग्रंथ निघाला, त्यात भविष्य पाहणे, पत्रिका, हस्तरेषा, जादूटोणा, ताईत हे सारे याच आज्ञेखाली निषिद्ध ठरवले आहे. कारण असे, की उद्याची काळजी देवावर सोपवायची. ती ग्रहांवर सोपवली की तेवढा विश्वास देवाकडून काढून घेतला. त्याच ग्रंथात असेही म्हटले आहे, की पैसा, सत्ता, सुख, फार काय आपले राज्य किंवा आपले पूर्वजही देवाच्या जागी बसवले, तर तीही मूर्तिपूजाच.

"मूर्ती दगडाचीच असते असे नाही, पासबुकाचीही असते," असे वसईकर म्हणतात. तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकले की आपण आपले पासबुक खिशात जरा खोल सरकवतो.

पत्रिकेवाचून आमचे काही अडले नाही. अडले ते आईपाशी.

आईचे वय चौऱ्याऐंशी. नातजावई तिला पसंत होता. तो तिच्याशी शुद्ध मराठी बोलतो आणि तिच्या हातची सोलकढी दोनदा मागून घेतो. पण आमचे कुळदैवत मंगेश. साष्टीतल्या कुशस्थळीचा आमचा देव १५६० साली पोर्तुगीजांच्या भयाने नदीपलीकडे प्रियोळास न्यावा लागला, ही हकीकत आईने आम्हाला रामायणाच्या बरोबरीने सांगितलेली. ज्यांच्या 'एका देवा'मुळे आपल्या देवाला घर सोडावे लागले, त्यांच्या घरी नात द्यायची! ती रडली नाही, रागावली नाही. एवढेच म्हणाली, "लग्न ठरल्याचे महादेवाच्या कानावर घालून येते. मंगेशीचा प्रवास आता झेपायचा नाही. त्र्यंबकेश्वरी जाऊ. आणि मुलाचे वडील बरोबर हवेत."

मी चाचरत वसईकरांना सांगितले. ते ताबडतोब म्हणाले, "येतो की. आणि परत येताना नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला आईंना घेऊन जाऊ. फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवार-रविवारी ती भरते." तेव्हा तोच मुहूर्त धरून, शुक्रवारी सकाळी, आम्ही चौघे नाशिकरोडला उतरलो.

नाशिकहून त्र्यंबकेश्वर जवळजवळ तीस किलोमीटर. ब्रह्मगिरीचा कडा दिसू लागला तशी आई सावरून बसली. या डोंगरावर गोदावरी उगम पावते आणि खाली कुशावर्तात सापडते. गुरू सिंह राशीत आला की त्याच पाण्यात सिंहस्थाचे शाहीस्नान होते. आम्ही गेलो तेव्हा गर्दी बेताची होती. कुंडाच्या पायऱ्या मात्र ओल्या आणि शेवाळलेल्या. मी एका हातात पिशव्या आणि दुसऱ्या हातात आईची काठी घेऊन उभा. आईने इकडेतिकडे पाहिले आणि सरळ वसईकरांचा दंड धरला. दोघे एकेक पायरी उतरून पाण्यापाशी गेले. आई वाकली, ओंजळभर पाणी डोक्याला लावले आणि पुटपुटत नमस्कार केला. ती वाकली तेव्हा तिला सावरण्यासाठी वसईकरांनाही वाकावे लागले.

वर आल्यावर आईनेच विचारले, "तुम्हाला चालले ना हो हे? तुमच्या देवाचा रोष नको ओढवायला माझ्यापायी."

वसईकर पायरीवर टेकले आणि त्यांनी एक गोष्ट सांगितली. ती बायबलातल्या जुन्या करारात, राजांच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. अराम देशाचा सेनापती नामान. पराक्रमी, पण अंगावर कोड. इस्राएलातल्या अलीशा नावाच्या संदेष्ट्याने त्याला निरोप धाडला, की यार्देन नदीत सात बुड्या मार. नामान संतापला, आमच्या दमास्कसच्या नद्या काय वाईट आहेत, म्हणाला. शेवटी चाकरांनी समजूत घातली, त्याने बुड्या मारल्या आणि तो बरा झाला. तेव्हापासून इस्राएलाच्या एका देवावाचून दुसऱ्या कोणाला बळी वाहायचा नाही, असा त्याने निश्चय केला. पण एक अडचण त्याने बोलून दाखवली. आमचा राजा रिम्मोन देवाच्या देवळात जातो, तो माझ्या हातावर भार देऊन वाकतो, तेव्हा मलाही वाकावे लागते. एवढ्याची देवाने मला क्षमा करावी. अलीशाने त्याला उपदेश केला नाही. त्याने त्याला शांतीने जा म्हणून निरोप दिला.

"आमच्याकडे आराधना म्हणजे मनाने देवाला देव म्हणून शरण जाणे," वसईकर म्हणाले. "तसे मी इथे केले असते, तर ते खोटे झाले असते, माझ्या देवाशीही आणि तुमच्याशीही. हात देणे निराळे. तो तुम्ही केव्हाही धरावा."

आई काही बोलली नाही. तिने गोष्ट मनात ठेवली, एवढे मला कळले.

मंदिर नानासाहेब पेशव्यांच्या आज्ञेने काळ्या दगडात उभारलेले. काम १७५५ च्या सुमारास सुरू झाले आणि पुरे व्हायला तीस-एक वर्षे लागली. दाराशी हिंदूंवाचून इतरांना प्रवेश नसल्याचा फलक आहे. तो वाचून मी ओशाळलो. वसईकर म्हणाले, "अहो, आज तुमचे आणि आमचे नियम एकच सांगताहेत. मी इथे चपला सांभाळतो."

आत गाभाऱ्यात पिंडीच्या जागी खळगा आहे आणि त्यात अंगठ्याएवढी तीन लिंगे: ब्रह्मा, विष्णू, महेश. आईने लग्नाची वार्ता महादेवाच्या कानावर घातली. बाहेर आल्यावर तिने वसईकरांना अडवले, "आमचा त्र्यंबकराजा तिघांचा मिळून एक. तुमच्याकडेही तिघेच ना?"

"बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा. पण देव एकच, आई. तीन देव नव्हेत. आणि ते तिघे म्हणजे हे तिघे नव्हेत. आकडा जुळला म्हणून खाते एक होत नाही."

आई मनापासून हसली. मग तिने प्रसादाचा पेढा पुढे केला आणि हात मध्येच थांबवला. वसईकरांनी हात जोडले. ते म्हणाले, की हा प्रश्न दोन हजार वर्षांचा जुना आहे. मूर्तीला वाहिलेले अन्न खावे की नाही, असे करिंथ शहरच्या ख्रिस्ती लोकांनी संत पौलाला विचारले होते. मूर्तीत दुसरा देव नाही, तेव्हा अन्न बाटत नाही, असे तो म्हणाला. पण ज्याचे मन त्याने दुखावेल त्याच्यासाठी ते सोडावे, आणि देवाच्या पंक्तीतली वाटणी दोन ठिकाणी करू नये, असेही म्हणाला. "त्यामुळे आमच्यातही कुणी प्रसाद मानाने घेतात, कुणी नम्रपणे नको म्हणतात. मी घेत नाही. मनात दुसरे काही नाही."

सौभाग्यवतींचा चेहरा उतरला. आई मात्र काठी टेकत समोरच्या दुकानात गेली आणि पाव किलो पेढ्यांचा पुडा घेऊन आली. "हा घ्या. हा नैवेद्याचा नाही, दुकानातला आहे. व्याह्याचे तोंड गोड केल्यावाचून मी इथून हलणार नाही." वसईकरांनी दोन पेढे खाल्ले.

रात्री लॉजवर आईने आपले खरे प्रश्न काढले.

"आमच्या मंगेशाला घर सोडावे लागले, ते कोणत्या आज्ञेने?"

वसईकरांनी मान खाली घातली. ते म्हणाले, "आज्ञा हीच. पण ती स्वतःला लावायची असते. पोर्तुगीजांनी ती तलवारीच्या जोरावर दुसऱ्याला लावली. गोव्यात देवळे पाडली, पुढे इन्क्विझिशनही बसवले. वसईलाही आमचे पूर्वज त्याच राज्यात ख्रिस्ती झाले. कोण मनाने आणि कोण धाकाने, ते आज मी कसे सांगू? आम्हाला ती श्रद्धा वाडवडिलांकडून आली आणि आम्ही ती मनापासून धरली. पण जे झाले ते पाप होते." दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली जाहीर केले, की श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही बळजबरी करू नये, आणि हिंदू व इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही. त्याच्या आदल्या वर्षी, १९६४ च्या डिसेंबरात, पोप सहावे पॉल मुंबईस आले होते, तेव्हा त्यांनी आपल्या भाषणात उपनिषदातली प्रार्थना म्हटली होती. पुढे १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी सत्याच्या नावाखाली झालेल्या असहिष्णुतेबद्दल देवाची जाहीर क्षमा मागितली. हे सारे वसईकरांनी तारखांसकट सांगितले.

"बरे. आमची नात बाळकृष्ण घेऊन आली तर?"

"तिने धर्म बदलावा असे कोणी म्हणणार नाही. बिशपांची परवानगी घेऊन लग्न चर्चमध्ये लागेल. तिचा बाळकृष्ण तिच्या खोलीत मानाने राहील. मी त्याची पूजा करणार नाही, माझा मुलगा करणार नाही. पण तिची पूजा कुणी मोडणारही नाही."

"आणि पतवंड?"

इथे वसईकर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आई, गोड बोलून फसवणार नाही. माझ्या मुलाला लग्नाआधी वचन द्यावे लागते, की मुलांना बाप्तिस्मा द्यायला आणि कॅथलिक म्हणून वाढवायला तो मनापासून होईल ते सारे करील. तुमच्या नातीकडून वचन घेत नाहीत. पण मुलाने काय वचन दिले ते तिला आधी सांगावेच लागते. ते तिला सांगितले आहे."

मला हे ठाऊक होते, आईला नव्हते. तिने दिवा मालवायला सांगितले आणि भिंतीकडे तोंड करून निजली. ती रात्रभर जागी होती, मीही होतो.

सकाळी ती काय म्हणते याची मला धास्ती होती. ती म्हणाली, "चला, बाळ येशूला जायचे ना?"

नाशिकरोडला रस्त्यापासून माणसांची रीघ लागली होती. मेणबत्त्यांची दुकाने, हारांची दुकाने, कडेवर पोरे घेतलेल्या बाया. गळ्यात मंगळसूत्र असलेल्या कितीतरी जणी रांगेत होत्या. आईने मूर्तीपुढे हात जोडले. "मला काही बंदी नाही," असे म्हणून तिने वसईकरांकडे मिस्कीलपणे पाहिले. मग तिने विचारलेच, "ही मूर्तीच ना हो? मग तुमची आज्ञा?"

वसईकरांनी सांगितले, की हा वाद ख्रिस्ती लोकांतही पेटला होता, मूर्ती आणि चित्रे फोडण्यापर्यंत गेला होता. शेवटी ७८७ साली निकेआच्या धर्मपरिषदेने निकाल दिला: प्रतिमेला दिलेला मान ज्याची ती प्रतिमा त्याला पोहोचतो, आराधना मात्र देवाचीच. संतांचा मान करायचा, आपल्यासाठी प्रार्थना करा म्हणून त्यांना विनवायचे. मारियामातेचा मान त्यांहून मोठा. पण आराधना तिचीही नाही.

"आम्ही तरी दुसरे काय म्हणतो?" आई म्हणाली. "दगड म्हणून का कोणी दगडाला पुजतो?"

"पटले," वसईकर म्हणाले. "म्हणजे आपले भांडण दगडाचे नाहीच. त्यापलीकडे कोणाला पाहायचे, याचे आहे. आणि ते काही आपण दोघे आज मिटवणार नाही."

गाडी सुटेपर्यंत फलाटावर दोघे एकाच बाकावर बसून होती, मध्ये पेढ्यांचा पुडा. आता लग्नाची तारीख धरली आहे. आमचा चातुर्मास आणि त्यांचा नाताळपूर्वीचा आगमनकाळ, या दोहोंत लग्ने टाळतात. तुळशीचे लग्न झाल्यावर आणि आगमनकाळ लागण्याच्या आत जे थोडे दिवस उरतात, त्यांतला एक नक्की झाला. पहिली अक्षत मंगेशीला टपालाने जाईल.

बाळकृष्णासाठी आईने मखमलीचे नवे आसन शिवायला घेतले आहे. पतवंडाचा प्रश्न तिने सोडलेला नाही. परवा वसईकरांना फोनवर सांगत होती, "तेव्हा मी असले तर भांडेन हो तुमच्याशी." पलीकडून ते काय म्हणाले ते ऐकू आले नाही. पण आई म्हणाली, "हो, हात मात्र तुमचाच धरीन. पायऱ्या असल्या तर."