एका पिवळ्या कॅप्सूलचा हिशेब

“ताई, ती रात्रीची गोळी आता बंद. ही पिवळी द्या, माशाच्या तेलाची. दोन-दोन कशाला?” आमच्या आळीतले निवृत्त गुरुजी काउंटरवर चिठ्ठी ठेवत म्हणाले. रत्नागिरीत मेडिकल चालवताना हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानी पडतंच.

मी बाटली त्यांच्यासमोर फिरवली. पुढे ठसठशीत १००० मिलिग्रॅम. मागे मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत : ईपीए १८०, डीएचए १२०. गुरुजींनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

रात्रीची गोळी म्हणजे स्टॅटिन. यकृत कोलेस्टेरॉल बनवतं, ते काम ती अडवते. घरचा माल कमी पडला की यकृत रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ओढून घेतं. अकिरा एंडो यांना १९७३ साली असं पहिलं द्रव्य सापडलं ते एका बुरशीत, आणि ती बुरशी क्योतोच्या धान्याच्या दुकानातल्या तांदळावरची! आपण असा तांदूळ फेकून देतो.

माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ चं, म्हणजे बाटलीवरच्या त्या ईपीए-डीएचएचं, गिऱ्हाईक वेगळं : ट्रायग्लिसराइड. यकृतातून रक्तात सुटणारी ही चरबी ते कमी करतं. एलडीएल त्याने उतरत नाही.

मग दोन्ही एकत्र दिली तर? जपानमध्ये साडेअठरा हजारांवर लोकांना स्टॅटिन देऊन त्यातल्या निम्म्यांना जोडीला रोज १८०० मिलिग्रॅम ईपीए दिलं. २००७ साली निष्कर्ष आला : हृदयविकाराच्या मोठ्या घटना १९ टक्क्यांनी कमी. २०१८ च्या ‘रिड्यूस-इट’ चाचणीत ट्रायग्लिसराइड वाढलेल्या, स्टॅटिन चालू असलेल्या रुग्णांना रोज ४ ग्रॅम शुद्ध केलेलं ईपीए दिलं. धोका २५ टक्क्यांनी घटला. पण २०२० मध्ये ईपीए-डीएचएच्या मिश्रणाची ‘स्ट्रेंग्थ’ चाचणी फायदा दिसेना म्हणून मध्येच थांबवावी लागली. कुणी म्हणतं डीएचएमुळे बिघडलं. कुणी म्हणतं ‘रिड्यूस-इट’मध्ये तुलनेसाठी दिलेलं खनिज तेलच बाधलं, म्हणून फरक फुगला. हे भांडण मिटलेलं नाही. शिवाय एवढ्या डोसाने काहींच्या हृदयाचे ठोके अनियमित होतात, तेव्हा मनाने वाढवायची ही गोष्ट नाही.

गुरुजी गणिताचे. “म्हणजे जपान्यांएवढं ईपीए हवं तर रोज दहा कॅप्सूल?”

“आणि चार ग्रॅमला बावीस.”

त्यांनी किंमत पाहिली. मी रिपोर्ट मागितला. गोळी सुरू करण्याआधीचा होता. एलडीएल १६८, ट्रायग्लिसराइड १३२.

“गुरुजी, पिवळी ज्यावर चालते ते तुमचं वाढलेलंच नाही. वाढलंय त्यावरची गोळी तुम्ही सोडायला निघालात. बंदच करायची तर आधी डॉक्टरांना विचारा.”

बाटली पुन्हा फळीवर गेली. स्टॅटिनच्या दोन स्ट्रिपा पिशवीत टाकून ते पायरी उतरले आणि वळले. “पण बांगडा खाल्ला तर चालेल ना?”

“खुशाल. फक्त वहिनींना सांगा, तिखलं करा, तळू नका.”