दम मोजायचा कसा?

धावण्याचा वेग वाढवत नेला, की शरीर दर मिनिटाला वापरत असलेला ऑक्सिजनही वाढत जातो. पण हे फार काळ चालत नाही. एका टप्प्यानंतर वेग आणखी वाढवला तरी ऑक्सिजनचा वापर आहे तिथेच राहतो. या कमाल मर्यादेला व्यायामशास्त्रात ‘व्हीओटू मॅक्स’ म्हणतात. बोलीभाषेत ज्याला दम किंवा दमसास म्हणतात, त्याच्या सर्वांत जवळ जाणारे हे माप.

शंभर मीटरची धाव किंवा जड वजनाची एखादी उचल ऑक्सिजनची वाट पाहत नाही. स्नायू आधीच्या साठ्यावर काम भागवतात. श्रम दोन-तीन मिनिटांच्या पुढे गेले, की बहुतेक भार ऑक्सिजनवर पडतो. एक लिटर ऑक्सिजन खर्ची पडला, की साधारण पाच किलोकॅलरी ऊर्जा मोकळी होते. म्हणून ऑक्सिजन मोजला, की माणूस दीर्घकाळ किती श्रम करू शकेल याचा हिशेब हाती येतो.

धाप लागली की दोष फुप्फुसांना दिला जातो, आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. निरोगी माणूस समुद्रसपाटीवर ऊर फुटेस्तोवर धावला तरी फुप्फुसांतून निघणारे रक्त ऑक्सिजनने जवळजवळ भरलेलेच असते. अडते ते पुढे. अडॉल्फ फिक या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८७० मध्ये मांडलेले समीकरण हेच सांगते : हृदय मिनिटाला जितके रक्त ढकलते, त्याला त्या रक्तातून पेशींनी काढून घेतलेल्या ऑक्सिजनने गुणले, की एकूण वापर मिळतो. विश्रांतीत हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ढकलते. पूर्ण जोर लावल्यावर सामान्य माणसात हा आकडा वीस लिटरांवर जातो, अव्वल धावपटूंत पस्तीस ते चाळीस लिटरांपर्यंत. रक्ताच्या दर लिटरमागे स्नायूंनी दीडशे मिलिलिटर ऑक्सिजन काढून घेतला असे धरले, तर वीस लिटरांचे तीन लिटर ऑक्सिजन होतात. सामान्य तरुणाची मर्यादा साधारण इथेच असते.

या गणितात हिमोग्लोबिनचे वजन मोठे आहे. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेते. पंधरा ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या शंभर मिलिलिटर रक्तात वीस मिलिलिटर ऑक्सिजन मावतो, तर दहा ग्रॅम असलेल्या रक्तात जेमतेम साडेतेरा. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. जिना चढताना लागणाऱ्या धापेला ‘व्यायाम नाही म्हणून’ असे म्हणून मोकळे होण्याआधी रक्त तपासलेले बरे.

ही मर्यादा पहिल्यांदा नीट दाखवली ती ब्रिटिश शास्त्रज्ञ आर्किबाल्ड हिल आणि हार्टली लप्टन यांनी, १९२३ मध्ये. हिल यांना स्नायूंमधील उष्णतेवरील कामासाठी १९२२ चे नोबेल मिळाले होते. प्रयोगासाठी ते स्वतःच गवताच्या धावपट्टीवर फेऱ्या मारत. तोंडात नळी, पाठीवर हवाबंद पिशवी. सोडलेला श्वास त्या पिशवीत जमा होई आणि मागाहून तपासला जाई. क्लॉड डग्लस यांनी १९११ च्या सुमारास प्रचारात आणलेली ही ‘डग्लस बॅग’ कित्येक दशके प्रमाण मानली गेली. हिल यांचा स्वतःचा आकडा मिनिटाला चार लिटरांच्या आसपास निघाला, आणि वेग वाढवूनही तो फारसा हलला नाही.

आज पिशवीची जागा गॅस विश्लेषकाने घेतली आहे, पण तत्त्व तेच. तोंडा-नाकावर घट्ट मास्क, छातीवर ईसीजीच्या तारा, पायाखाली ट्रेडमिल किंवा बसायला सायकल. श्रम हळूहळू वाढवत आठ ते बारा मिनिटांत माणूस थकून थांबेल अशी आखणी करतात. फार लवकर थकला तर पाय आधी हार मानतात, फार रेंगाळला तर कंटाळा आणि घाम निकाल बिघडवतात. हवेत ऑक्सिजन २०.९३ टक्के असतो. समजा, अखेरच्या मिनिटाला नव्वद लिटर हवा आत-बाहेर झाली आणि सोडलेल्या हवेत ऑक्सिजन साडेतीन टक्क्यांनी कमी भरला. तर वापर झाला सुमारे ३.१५ लिटर. माणसाचे वजन ७० किलो असेल तर किलोमागे मिनिटाला ४५ मिलिलिटर. आत घेतलेल्या आणि सोडलेल्या हवेचे आकारमान तंतोतंत सारखे नसते, म्हणून नायट्रोजनच्या प्रमाणावरून दुरुस्ती करावी लागते. ते काम यंत्र करते. यंत्र मात्र प्रत्येक चाचणीआधी ज्ञात मिश्रणाच्या गॅसवर जुळवून घ्यावे लागते. ही पायरी टाळली, तर पुढचे दशांश चिन्हापर्यंतचे आकडे नुसती शोभा.

माणूस खरोखर मर्यादेला पोहोचला की मध्येच कंटाळून उतरला, हे कसे ठरवायचे? श्रम वाढूनही ऑक्सिजनचा वापर सपाट होणे ही सर्वांत चांगली खूण. पण बऱ्याच जणांत ही सपाटी स्पष्ट दिसतच नाही. मग सोडलेला कार्बन डायऑक्साइड आणि वापरलेला ऑक्सिजन यांचे गुणोत्तर १.१ च्या पुढे गेले का, नाडी वयाच्या मानाने कमाल ठोक्यांजवळ आली का, रक्तातले लॅक्टेट किती चढले, हे पाहतात. तेवढेही नसेल, तर जाणकार निकालाला ‘मॅक्स’ न म्हणता ‘पीक’ म्हणतात.

आकडा किलोमागे सांगण्याची पद्धत सोयीची आहे, पण त्यात एक मेख आहे. चार किलो चरबी उतरली, की हृदयात काडीचा फरक न पडता आकडा वाढतो. व्यायाम न करणाऱ्या तरुण पुरुषांत तो साधारण ३५ ते ४५ असतो. स्त्रियांत सरासरीने कमी, कारण हृदयाचा आकार आणि हिमोग्लोबिन कमी व शरीरातील चरबीचे प्रमाण जास्त. अव्वल धावपटू ७० ते ८५ पर्यंत जातात. नॉर्वेचा बर्फावरचा स्कीपटू ब्यॉर्न डेली याच्या नावावर ९६ चा आकडा सांगितला जातो. तरीही शर्यत आकड्यावर जिंकता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या डेरेक क्लेटनने १९६९ मध्ये अँटवर्पला मॅरेथॉन २ तास ८ मिनिटे ३४ सेकंदांत पळून काढली, ती वेळ बारा वर्षे जगात सर्वोत्तम राहिली. त्याचा आकडा मात्र सत्तरच्या आसपासच होता. त्याच वेगाला इतरांपेक्षा कमी ऑक्सिजन लागणे, ही त्याची खरी पुंजी.

प्रयोगशाळा सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, म्हणून मैदानी चाचण्या निघाल्या. अमेरिकी हवाईदलातील डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये बारा मिनिटांच्या धावेची चाचणी प्रसिद्ध केली. मीटरमधल्या अंतरातून ५०४.९ वजा करून ४४.७३ ने भागायचे : २,४०० मीटर धावणाऱ्याचा अंदाज ४२ येतो. क्रिकेटमुळे घराघरात पोहोचलेली यो-यो चाचणी डेन्मार्कच्या येन्स बांग्सबो यांची. वीस मीटर जायचे, वीस मीटर यायचे, दहा सेकंद श्वास घ्यायचा, आणि बीपबरोबर वेग वाढत जातो. १६.१ या पातळीपर्यंत एकूण १,१२० मीटर होतात आणि सूत्राने आकडा ४६ च्या आत येतो. एवढी चर्चा झालेली ही पातळी तशी फार उंच नाही. क्रिकेटला तेवढी पुरते. पोलीस भरतीत पुरुषांना १,६०० मीटर धावावे लागते. कमाल ऑक्सिजन लागतो त्या वेगाने माणूस साधारण सहा मिनिटे टिकतो. त्यामुळे चांगले गुण मिळवू पाहणारा उमेदवार या धावेत जवळजवळ आपल्या मर्यादेवरच असतो. भरतीची तयारी करणाऱ्यांनी रोज नुसते संथ अंतर का कापू नये, याचे उत्तर इथे आहे.

मनगटावरची घड्याळे ऑक्सिजन मोजत नाहीत. अमुक वेगाला नाडी किती पडते यावरून ती अंदाज बांधतात. २२० वजा वय हे कमाल ठोक्यांचे सूत्रच एखाद्या माणसाच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकते. मे महिन्यातल्या मुंबईच्या दमट हवेत त्याच वेगाला नाडी जास्त पडते आणि घड्याळ धावणाऱ्याला उगाच कमजोर ठरवते. एकाच घड्याळावर काही महिन्यांचा कल पाहावा. एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नये. इस्पितळातल्या स्ट्रेस टेस्टचेही तसेच. तिच्या अहवालात ‘मेट्स’ लिहिलेले असतात. एक मेट म्हणजे किलोमागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर, म्हणजे दहा मेट्सचे ३५. पण मास्क नसेल तर तो ट्रेडमिलचा वेग आणि चढ यांवरून काढलेला अंदाज असतो, आणि रुग्णाने कठडा घट्ट धरून ठेवला तर तो फुगतो.

हा आकडा घटतो आणि वाढतो किती? १९६६ मध्ये अमेरिकेत डलासला पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवले, तेव्हा त्यांची क्षमता चौथ्या भागाहून अधिक घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची तपासणी झाली. तीस वर्षांच्या वयाने केलेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीएवढीही नव्हती. वाढीचे प्रमाण मात्र प्रत्येकाचे वेगळे. ‘हेरिटेज’ या कुटुंबांवरील अभ्यासात सर्वांना सारखाच वीस आठवड्यांचा व्यायाम दिला. सरासरी वाढ मिनिटाला सुमारे ४०० मिलिलिटर झाली, पण काहींची जवळजवळ शून्य आणि काहींची एक लिटरहून जास्त. या फरकात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे त्यातून दिसले.

डॉक्टरांसाठी या मापाचे महत्त्व खेळापेक्षा जास्त आहे. हृदय निकामी होत चाललेल्या रुग्णांत किलोमागे १४ मिलिलिटरच्या खालचा आकडा हृदय प्रत्यारोपणाचा विचार करण्याची खूण म्हणून १९९१ पासून वापरात आला. मोठ्या शस्त्रक्रियेआधीही ही चाचणी करतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१६ मध्ये नाडी आणि रक्तदाबाप्रमाणे याचीही नियमित नोंद ठेवावी, अशी शिफारस केली. पूर्ण जोराची चाचणी मात्र छातीत दुखणाऱ्याने, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्याने किंवा ताप अंगावर असलेल्याने मैदानात स्वतःहून करू नये. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ईसीजी लावूनच व्हावी.