उलटं टांगलेलं जिरेनियम

ऑक्टोबर लागला की न्यू जर्सी, शिकागो, टोरांटोकडच्या मराठी घरांत कढीपत्ता आणि तुळशीच्या कुंड्या आत घ्यायची लगबग सुरू होते. त्याच सुमारास एक सल्लाही हातोहात फिरू लागतो: जिरेनियम मुळांसकट उपटा, माती झटका, बेसमेंटमध्ये उलटं टांगा आणि एप्रिलपर्यंत त्याच्याकडे ढुंकूनही बघू नका. सोबत कुणाच्या तरी शेजारच्या अमेरिकन आजींचा दाखला असतोच. सल्ला मनोभावे पाळला जातो आणि एप्रिलमध्ये कितीतरी बेसमेंटांतून निघतात त्या वाळक्या काटक्या. मग म्हणायचं, ‘आमच्या हाताला झाडंच लागत नाहीत.’ हातांचा यात काडीचा दोष नाही. सल्लाच अर्धवट आहे.

टांगण्याची पद्धत मात्र खरी आहे. आजींची जिरेनियम खरोखरच जगत होती, पण का, हे सांगायचं राहून जातं.

कुंडीत लालभडक झुबके मिरवणारं हे झाड मूळचं दक्षिण आफ्रिकेचं. वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव पेलार्गोनियम. त्याचे रानटी पूर्वज कोरड्या दिवसांना सरावलेले, म्हणून त्याच्या जाड, मांसल खोडात पाणी साठतं आणि मातीवाचून ते बरेच दिवस तग धरतं. पण म्हणून ते ट्यूलिपच्या कांद्यासारखं किंवा डेलियाच्या कंदासारखं खरी विश्रांती घेत नाही. टांगलेलं जिरेनियम सगळा हिवाळा जिवंत असतं, श्वसन करत असतं, साठवलेली साखर जाळत असतं. ती किती वेगानं जळणार, हे ठरवतं तापमान.

सगळी गोम इथे आहे. या पद्धतीला ७ ते १० अंश सेल्सियस तापमान लागतं आणि हवेत थोडी ओल लागते. आजींच्या काळचं तळघर असंच होतं: दगडी भिंती, मातीची जमीन, हिटिंगचा पत्ता नाही. आजच्या बेसमेंटमध्ये भट्टी आणि कपडे वाळवायचं यंत्र. तिथे तापमान सहज १८-२० अंशांवर जातं आणि हवा ठणठणीत कोरडी. अशा उबेत, अंधारात टांगलेलं झाड फिकट, लांबुडके कोंब काढतं, साठा संपवतं आणि सुकतं. आयोवा स्टेट विद्यापीठाचा विस्तार विभागही हेच बजावतो: बहुतेक घरांत या पद्धतीला लागणारी थंड जागाच नसते.

आणि ‘विसरून जा’ हे तर साफ चूक. मिनेसोटा विद्यापीठाचा सल्ला आहे की हिवाळ्यात दोन-तीनदा झाडं काढून त्यांची मुळं तासा-दोन तासांसाठी पाण्यात बुडवून ठेवावीत. त्याच वेळी खोड अंगठ्यानं दाबून पाहावं. पानं गळून गेली तरी घाबरायचं कारण नाही, खोड टणक लागलं पाहिजे. नखानं किंचित खरवडल्यावर आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. सुरकुतलेलं, पिचपिचीत किंवा बुडाशी काळं पडलेलं खोड टाकून द्यावं. मार्चअखेरीस हिरवा भाग लागेपर्यंत वरून छाटून जिवंत झाड कुंडीत लावायचं.

थंड जागा नसेल त्यांनी टांगण्याच्या भानगडीत पडूच नये. झाड निम्म्यावर छाटून कुंडीतच, दक्षिणेच्या खिडकीत ठेवावं आणि माती वाळल्यावरच पाणी द्यावं. त्याहून सुटसुटीत म्हणजे दंव पडायच्या आत कटिंग घेणं: शेंड्याचा तीन-चार इंचांचा तुकडा पेराखाली कापायचा, खालची पानं काढायची आणि तो ओलसर पर्लाइटमध्ये खोचायचा. महिन्या-दीड महिन्यात मुळं धरतात. मुळं फुटायची पावडर मदत करते, पण तिच्यावाचून अडत नाही.

बाकीचे समज थोडक्यात. जिरेनियम एका हंगामाचं झाड नाही. त्याला मारतं ते दंव. घरात आणल्यावर पानं पिवळी पडली की लोक पाणी वाढवतात, पण कमी उजेडात पाणीही कमीच लागतं. जास्त झालं की मुळं कुजतात. खत वसंतापर्यंत नको. वाफ्यात बर्फाखाली टिकणारी, बारीक जांभळ्या-गुलाबी फुलांची जिरेनियमं हा वेगळा गण आहे. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरितिए यांनी १७८९ मध्येच पेलार्गोनियम त्यातून निराळं काढलं. वाफ्यातल्या त्या झाडांना घरात आणायची गरज नाही. ‘डास पळवणारं’ म्हणून विकलं जाणारं लिंबाच्या वासाचं जिरेनियम नुसतं कुंडीत ठेवून डास पळत नाहीत. कॅनडातल्या संशोधकांनी १९९६ साली हे प्रयोगानं दाखवलं आहे. आणि घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी उंचावरच ठेवा, कारण एएसपीसीए ही प्राणिरक्षण संस्था या झाडाची गणना दोघांनाही विषारी असलेल्या वनस्पतींत करते.

अमेरिकेतले व्हिडिओ बघून पुण्यात जिरेनियम उपटणाऱ्यांनी तर हात आवरावा. पुण्याच्या थंडीत हे झाड उघड्यावर खुशाल जगतं. त्याला खरा धोका आहे तो जुलै-ऑगस्टच्या संततधारेचा. तेव्हा कुंडी पत्र्याखाली सरकवावी आणि तळाचं भोक मोकळं आहे ना, ते पाहावं.