हळदीकुंकू बागेत, इतिहास सोबतीला

संक्रांत जवळ आली की आपल्या गटाच्या बैठकीत बचतीचा हिशेब बाजूला राहतो आणि एकच विषय निघतो : यंदा वाण काय द्यायचं? मग आपण सोलापूर गाठतो, नवी पेठेत दुकानं धुंडाळतो, पिशव्या भरतो आणि संध्याकाळची एसटी पकडतो. त्याच नवी पेठेतून पायी जाता येईल एवढ्यावर भुईकोट किल्ला आहे, त्याला लागून हुतात्मा बाग आहे, जवळच सिद्धेश्वरांचं तळं आहे. बाहेरून हे सगळं आपण शंभर वेळा पाहिलंय. आत किती जणी गेल्या आहेत?

म्हणून आज आम्ही सांगणार आहोत, की हळदीकुंकू आणि इतिहास यांची सांगड घालून सगळ्या घरादारानं एक दिवस बागेत कसा घालवायचा.

आधी दिवस ठरवू. १२ जानेवारीला जिजाऊंची जयंती असते. त्यांचा जन्म १५९८ साली सिंदखेड राजाला झाला. सोलापूरकरांसाठी हीच तारीख हुतात्मा दिनाची आहे. पण याच सुमारास सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा सुरू होते. नंदीध्वज, अक्षता सोहळा, होम, शोभेची दारू यांसाठी माणसांचा पूर येतो. लहान लेकरं आणि म्हाताऱ्या सासूबाईंना घेऊन त्या गर्दीत बागेत बसणं होणार नाही. तेव्हा १२ तारखेला गावातच जिजाऊंना आणि हुतात्म्यांना वंदन करावं आणि बागेसाठी संक्रांतीनंतरचा एखादा रविवार धरावा. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतंच.

आता इतिहास सांगायचा कुणी? मोठा वक्ता लागत नाही. गटातल्या तिघींनी एकेक गोष्ट नीट तयार करून यावी.

पहिली गोष्ट चार हुतात्म्यांची. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि गिरण्यांचं सोलापूर रस्त्यावर आलं. ८ मे रोजी गोळीबार झाला. त्यानंतर काही दिवस इंग्रजांचा अंमल शहरात उरलाच नाही. मग सरकारनं लष्करी कायदा लावला. तिरंगा लावणं, गांधी टोपी घालणं हाही गुन्हा ठरला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांच्यावर पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात त्यांना फाशी दिली. ही चार नावं मुलांकडून मोठ्यानं म्हणवून घ्या. चौघांच्या घरची बोली वेगळी, देवधर्म वेगळा, पण गुन्हा एकच ठरला. हे मुलांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी गोष्ट खुद्द किल्ल्याची. सोळाव्या शतकात अहमदनगरच्या निजामशहानं आपली मुलगी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, तेव्हा सोलापूरचा हा किल्ला लग्नात आंदण दिला. त्या मुलीचं नाव चांदबिबी. १५८० मध्ये तिचा नवरा गेला. तरी तिनं विजापूरचा कारभार पाहिला आणि १५९५-९६ मध्ये मुघलांचा वेढा पडला तेव्हा माहेरी जाऊन अहमदनगरचा किल्ला लढवला.

तिसरी गोष्ट जिजाऊ आणि अहिल्यादेवींची. शहाजीराजे १६६४ मध्ये गेले. त्यानंतर दोनच वर्षांनी शिवाजी महाराज आग्र्याला गेले, तेव्हा मागं स्वराज्याची काळजी वाहिली ती जिजाऊंनी. अहिल्यादेवींचे पती १७५४ मध्ये लढाईत पडले. पुढं १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी होळकरांचं राज्य चालवलं. आज सोलापूरच्या विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे.

या तिन्ही बायकांनी मोठी कामं केली ती कुंकू पुसल्यानंतर. आणि आपण? त्यांची जयंती करतो, पोरींना नऊवारी नेसवून जिजाऊ करतो, आणि हळदीकुंकवाच्या ताटापासून आपल्याच गटातल्या विधवा बहिणीला दूर ठेवतो. आमच्या एका काकू दरवर्षी तिळगूळ वळायला सगळ्यात आधी येतात आणि कुंकवाची वाटी बाहेर आली की "जनावरांना पाणी पाजायचंय" म्हणून उठतात. आम्हा सगळ्यांना कारण माहीत असतं, आणि आम्ही गप्प बसतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एक गाव ठरवू शकतं, तर एक गटही ठरवू शकतो. बागेतलं पहिलं कुंकू आणि पहिलं वाण अशाच बहिणीला द्या. मात्र तिला आधी घरी जाऊन विचारा. चारचौघांत अचानक बोट पुढं केलं तर तिची पंचाईत होईल. तिनं नको म्हटलं तर आग्रह करू नका. वाण आणि शेजारची जागा तरी तिची असलीच पाहिजे.

गोष्टी झाल्या की घरचा इतिहास मांडा. प्रत्येकीनं एक जुनी वस्तू आणावी : कंदील, मापटं, सासूबाईंचं इरकली लुगडं, गिरणीत काम केलेल्या आजोबांचा फोटो. वस्तूबद्दल मुलांनी विचारायचं, आजीनं सांगायचं. विड्या वळून संसार उभा केलेल्या आजीची हकिकत पुस्तकात नसते. ती तिच्या तोंडूनच ऐकावी लागते.

आता तयारी. खर्च वाढवू नका. भाड्याचे पोशाख नकोत, घरातलीच नऊवारी आणि फेटा पुरे. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, तिळगूळ, असा डबा टिकतो आणि सगळ्यांना पोटभर होतो. लगोरी, विटीदांडू, फुगडी, सागरगोटे ठेवा आणि पुरुषांनाही खेळात ओढा. मुलांना सांभाळण्याची पाळी त्या दिवशी त्यांची. बाग आणि किल्ला उघडण्याच्या वेळा, पाण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय आधी दोघींनी जाऊन बघून यावी. सतरंज्यांपलीकडं मांडव किंवा लाउडस्पीकर लावायचा असेल तर लेखी परवानगी घ्या. किल्ला संरक्षित वास्तू आहे. तटावर चढणं, नावं कोरणं, चूल पेटवणं अजिबात नको. निघताना कचरा पिशवीत भरून न्या.

सोलापूर लांब पडत असेल तर आपल्या गावची गढी, बारव, शाळेचं पटांगण चालेल. तिथला इतिहास गावातल्या वयस्कर माणसांना विचारा.

संध्याकाळी घरी परतल्यावर मुलांना ती चार नावं पुन्हा विचारून बघा. आणि पुढच्या वर्षी तिळगूळ वळायला आलेल्या काकू कुंकवाच्या वेळी कुठं बसल्या, तेही बघा. दिवस कसा गेला, ते त्यावरून कळेल.