घाटकोपरहून अर्ध्या दिवसात

घाटकोपर स्थानकावरून मध्य रेल्वेची लोकल आणि 8 जून 2014 ला सुरू झालेली वर्सोवा मेट्रो, दोन्ही मिळतात. इतिहास पाहायला एवढं पुरेसं आहे.

महाकाली लेणी, अंधेरी पूर्व : मेट्रोने अंधेरीच्या बाजूला उतरून पुढे रिक्षा. कोंडिविट्याच्या या टेकडीत 19 बौद्ध लेणी कोरलेली आहेत. नवव्या लेण्यातल्या चैत्यगृहाकडे आधी जावं. इथला स्तूप गोल दालनात आहे. दालनाच्या भिंतीला दगडी जाळ्या आणि एका जाळीवर ब्राह्मी लेख. मुंबईत असं दुसरं काही दाखवता येणार नाही, तरी इथली वर्दळ कान्हेरीच्या मानाने फार कमी. हे बदलायला हवं.

डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, भायखळा : राणीच्या बागेशेजारी. 1872 मध्ये लोकांसाठी खुलं झालेलं मुंबईतलं सर्वांत जुनं संग्रहालय. आजचं नाव 1975 पासून. आवारातला दगडी हत्ती नीट पाहा. घारापुरीला ज्याच्यावरून 'एलिफंटा' नाव पडलं, तो हाच. 1864 मध्ये इंग्लंडला नेताना तो कोसळून फुटला. 1914 मध्ये तुकडे जुळवून पुन्हा उभा केला. सांधे अजून दिसतात. बुधवारी बंद.

शीवचा किल्ला : घाटकोपर-भायखळा लोकलच्या वाटेतच. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीने बांधला. पडझड बरीच आहे, पण चढण सोपी.