प्रिंटचं बटण आणि न सापडलेली चिखली

लॅबसाठी एखादं छोटं डेस्कटॉप सॉफ्टवेअर तुम्ही लिहिलं असेल, तर हा प्रसंग ओळखीचा वाटेल. सगळं चालायला लागतं आणि मग कुणीतरी म्हणतं, "यात प्रिंटचं बटण टाक ना!" आपल्याला वाटतं, एका संध्याकाळचं काम. मलाही तसंच वाटलं होतं.

आमचं सॉफ्टवेअर विहिरींच्या पाण्याच्या नमुन्यांचं आहे. गावाचं नाव, तारीख, मोजमापं आणि एक आलेख. लिहिलंय पायथनमध्ये, क्यूटी हे टूलकिट वापरून. क्यूटीत एक छान सोय आहे. पडद्यावर चित्र काढणारा 'क्यूपेंटर' कागदावरही काढू शकतो; त्याला खिडकीऐवजी 'क्यूपीडीएफरायटर' द्यायचा, बस. मी पडद्याचाच कोड तिकडे वळवला. आलेख आला, पण पोस्टाच्या तिकिटापेक्षाही लहान!

कारण सोपं आहे. आलेख ६०० पिक्सेल रुंद होता. इंचाला ९६ पिक्सेल धरले तर पडद्यावर तो सव्वासहा इंच होतो. पण क्यूपीडीएफरायटर मुळात इंचाला १२०० ठिपके धरतो. म्हणजे तोच आलेख अर्ध्या इंचाचा. त्यामुळे छपाईच्या कोडमध्ये पिक्सेल विसरायचे आणि मिलिमीटरमध्ये विचार करायचा. ए-४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा. त्यातून समास वजा करायचे आणि उरलेल्या चौकटीत चित्र बसवायचं.

दुसरा फरक म्हणजे पडदा खाली सरकवता येतो, कागद मात्र संपतो. तक्ता लांब असेल तर प्रत्येक ओळ काढण्याआधी ती पानावर मावतेय का ते बघावं लागतं. नसेल मावत तर नवं पान घ्यायचं आणि रकान्यांची नावं पुन्हा वर काढायची.

एवढं झालं आणि मी काम संपलं असं समजले. पीडीएफ देखण्या दिसत होत्या. काही महिन्यांनी आधीच्या हंगामाचा तक्ता करताना मी त्या सगळ्या फाइलींमध्ये 'चिखली' शोधलं. एकही नाही. तक्त्यात 'नमुना घेतला नाही' असं लिहिणारच होते, तेवढ्यात छापील गठ्ठ्यात चिखलीचा अहवाल दिसला! तीच फाइल संगणकावर उघडली. नाव डोळ्यांना स्वच्छ दिसत होतं, शोधाला दिसत नव्हतं.

असं का होतं? आपण टाइप करतो तेव्हा युनिकोडमध्ये 'चि' उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो: आधी च, मग ऱ्हस्व इकार. पण काढताना इकार डावीकडे, च च्या आधी येतो. ही अदलाबदल आणि जोडाक्षरांची जुळणी हार्फबझसारखी लायब्ररी करते. पीडीएफमध्ये जातात त्या फाँटमधल्या तयार आकृत्या, त्यांचे क्रमांक आणि जागा. कुठली आकृती म्हणजे कुठलं अक्षर, हे सांगणारा 'टूयुनिकोड' नावाचा तक्ता सोबत असतो, पण मूळ क्रम त्यात नसतो. मग मजकूर परत काढताना आधी इकार, नंतर च असं काहीतरी हाती येतं. इंग्रजीत आकृती आणि अक्षर बहुतेक वेळा एकास एक असल्याने हा घोळ क्वचितच जाणवतो.

यावर पीडीएफमध्येच उपाय आहे. आकृत्यांच्या गटाला 'अ‍ॅक्चुअलटेक्स्ट' नावाची चिठ्ठी लावता येते: 'इथला खरा मजकूर चिखली'. कैरो या ग्राफिक्स लायब्ररीला आकृत्यांबरोबर मूळ मजकूर देण्याची सोय आहे, ती यासाठीच कामी येते. मी मात्र सोपा मार्ग घेतला. क्यूपीडीएफरायटरमध्ये पीडीएफला फाइल जोडता येते. प्रत्येक अहवालाला आता त्याच्या मूळ आकड्यांची सीएसव्ही जोडलेली असते. पीडीएफ वाचकातला साधा शोध त्या जोडलेल्या फाइलीत जात नाही, हे खरं. पण छोटी स्क्रिप्ट तिथून नाव आणि आकडे बिनचूक काढते.

तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये हे बटण असेल तर आजच एक चाचणी करा. चिखली, क्षेत्र, दुर्ग, विश्रांती असे शब्द घालून पीडीएफ बनवा, 'पीडीएफटूटेक्स्ट'ने मजकूर परत काढा आणि मूळ शब्दांशी ताडून बघा. नुसतं डोळ्यांनी बघून पास करू नका, मी तेच केलं होतं. आणि ही चाचणी पास होईपर्यंत, शोधात काही सापडलं नाही म्हणून तक्त्यात 'नाही' लिहू नका.