पाय प्लॅस्टरमध्ये आणि सहल तोंडावर

दिवाळीच्या सुट्टीतली आमची सहल तीन महिने आधीच ठरली होती. पुण्याच्या थोरल्या जाऊबाई, नाशिकच्या वन्सं आणि साताऱ्याचे आम्ही, अशी तीन घरे मिळून लहानमोठी तेरा माणसे. मुक्काम लोणावळ्याला आणि त्यातला एक पूर्ण दिवस खोपोलीजवळच्या इमॅजिकात. कोणत्या पाळण्यात कोणी कोणाशेजारी बसायचे हेही मुलांनी फोनवर ठरवून टाकले होते. आणि निघायच्या बरोबर बारा दिवस आधी आमची ताई शाळेच्या मैदानावर खो-खो खेळताना पडली.

ताई म्हणजे माझी मुलगी. धाकटा भाऊ ताई म्हणतो म्हणून सारे घरच तिला ताई म्हणते. नववीत आहे. खांबाला वळसा घेताना तिचे पाऊल बाहेरच्या कडेवर मुडपले. मैत्रिणींनी रिक्षात घालून घरी आणली, तेव्हा पाऊल पुरीसारखे फुगले होते. सासूबाईंनी लगेच आंबेहळद उगाळायला घेतली. खरे सांगते, मलाही वाटले, मुरगळला असेल, लेप लावू, दोन दिवसांत उतरेल. पण तिला चार पावले चालून दाखव म्हटले तर दुसरे पाऊलच टाकवेना, आणि पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध बोट दाबले तर किंचाळली. नंतर डॉक्टरांनी सांगितले की नेमक्या ह्याच खुणा बघायच्या असतात. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ साली ह्याचे साधे नियमच घालून दिले आहेत: घोट्याच्या किंवा पावलाच्या ठराविक हाडांवर दाबून दुखत असेल, किंवा चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायचा. लेप, मालीश, ओढून बसवणे हे सगळे त्याच्या आधी नाही.

एक्स-रेत करंगळीकडे जाणाऱ्या लांब हाडाला तडा दिसला. डॉक्टर गमत्या स्वभावाचे. ताईचा पडलेला चेहरा बघून म्हणाले, "अगं, ह्या हाडाचं हे मोडणं एका डॉक्टरच्याच नावानं ओळखतात. लिव्हरपूलचे रॉबर्ट जोन्स. नाचता नाचता स्वतःचाच पाय मोडून घेतला आणि १९०२ साली त्यावर लेख लिहिला. तू निदान खेळताना तरी पडलीस!" ताई हसली. मग त्यांनी गुडघ्याखाली प्लॅस्टर घातले आणि सहा आठवडे पाय टेकायचा नाही असे बजावले.

मी दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच सहल मनातल्या मनात रद्द करून टाकली होती. रात्री जेवताना जाहीर केले, "ताई आणि मी घरी थांबू. बाकीच्यांनी जाऊन या." ह्यांनी मान हलवली, सासूबाईंनी सुस्कारा सोडला, मला त्यागाचे समाधानही वाटले. ताई भात कालवत म्हणाली, "मला विचारलं का कुणी?"

कोणी विचारलेच नव्हते! चौदा वर्षांच्या मुलीचा पाय मोडला की तिचे मतही प्लॅस्टरमध्ये गेले असे आपण धरून चालतो.

दुसऱ्या तपासणीला तिने स्वतःच डॉक्टरांना विचारले. त्यांनी नको म्हटले नाही, पण अटी घातल्या. पाय खाली लोंबता ठेवायचा नाही, दर तासाला थोडा वेळ आडवे होऊन तो छातीच्या पातळीच्या वर उचलून धरायचा, प्लॅस्टरला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, आणि पळते-उडते खेळ बंद. तिने चारही अटी वहीत लिहून घेतल्या. त्यामुळे मला गप्प बसावे लागले.

मग तयारी. कुबड्या तर हव्याच होत्या, पण त्यांच्यावर दिवसभर मैलोगणती हिंडणे मोठ्या माणसालाही झेपत नाही. आमच्या गावात रुग्णोपयोगी साहित्य अनामत रक्कम घेऊन वापरायला देणारी एक संस्था आहे. बहुतेक गावांत अशी एखादी असते, विचारून बघा. तिथून घडीची चाकाची खुर्ची आणली. घेताना एवढे मात्र पाहा, की पाय ठेवायची पट्टी वर उचलून पाय सरळ लांब ठेवता येतो का. आम्हाला आधी दाखवलेल्या खुर्चीत पाय खालीच लोंबत होता.

कुबड्यांचे मापही नीट बघून घ्यावे. उभे राहिल्यावर काखेत आणि कुबडीच्या टोकात दोनतीन बोटांचे अंतर हवे. भार हातांच्या मुठींवर घ्यायचा, काखेवर नाही. काखेवर रेलले की तिथली शीर दबून हाताला मुंग्या येतात. जिना चढताना आधी चांगला पाय वर, मागून कुबड्या आणि दुखरा पाय. उतरताना आधी कुबड्या आणि दुखरा पाय, मग चांगला. आमच्या घरातल्या आठ पायऱ्यांवर तिने चार दिवस हा सराव केला. धाकटा खाली उभा राहून "चांगला वर, वाईट खाली" असे ओरडत असे. शेजारच्या काकूंना वाटले, पाढे चालले आहेत.

लोणावळ्याच्या लॉजला मी फोन करून विचारले होते, "खोली तळमजल्यावर आहे ना?" "आहे, आहे." प्रत्यक्षात तळमजला पाच पायऱ्या वर, आणि न्हाणीघराला टीचभर उंच उंबरा! मी विचारायला हवे होते, रस्त्यापासून पलंगापर्यंत एकूण पायऱ्या किती. तरी घरून प्लॅस्टिकचे स्टूल नेले होते म्हणून आंघोळ निभावली. त्यावर बसून, प्लॅस्टरला पिशवी चढवून वर चिकटपट्टी, आणि तो पाय बादलीपासून लांब दुसऱ्या स्टुलावर. आणखी एक. प्लॅस्टरच्या आत खाज सुटते तेव्हा माझी विणकामाची सुई गायब होऊ लागली होती. सुई, पट्टी, पेन्सिल, काहीही आत घालू देऊ नका. आत कातडी सोलली तर ती जखम कोणाला दिसतही नाही. केस वाळवायच्या यंत्राने गार वारा सोडला की बरे वाटते.

इमॅजिका २०१३ साली सुरू झाले. तिथला 'नायट्रो' नावाचा झुलता-उलटा पाळणा असा आहे की बसल्यावर पायाखाली तळच नाही, पाय अधांतरी लोंबतात. प्लॅस्टरच्या पायाने त्यात बसण्याचा प्रश्नच नव्हता. ताईने मोठ्या खेळांपाशी लावलेल्या सूचना मोठ्याने वाचून दाखवल्या आणि पोरांना म्हणाली, "जा तुम्ही, मी खालून तुमचे चेहरे बघते." एवढ्या समजूतदारपणे, की मला बरे वाटले.

तासाभराने मी पाण्याची बाटली घ्यायला तिच्याकडे वळले तर ताई मला दिसेचना. दिसत होत्या त्या पर्सेस. जाऊबाई म्हणाल्या होत्या, "तू बसलीच आहेस तर माझी एवढी धर गं." मग वन्संनी ठेवली. मग टोप्या, चपला, बाटल्या, कोणाचा तरी अर्धा खाल्लेला वडापाव. तिच्या मांडीवर सात पिशव्या होत्या आणि त्यांच्यावर हनुवटी टेकून ती लांब कुठेतरी बघत होती.

तो चेहरा मला ओळखीचा होता. सांगलीहून आमच्या शाळेची सहल मुंबईला एस्सेलवर्ल्डला गेली होती. गोराईचे ते एस्सेलवर्ल्ड, १९८९ साली निघाले आणि २०२२ साली बंदही झाले. जाताना लाँचमध्ये मला उलट्या झाल्या, तर बाईंनी मला दिवसभर एका बाकावर बसवून सगळ्या वर्गाच्या बॅगा माझ्यापाशी दिल्या. आजही कोणी एस्सेलवर्ल्ड म्हटले की मला पाळणे आठवत नाहीत, चाळीस बॅगा आठवतात.

मी त्या सातही पिशव्या उचलल्या आणि जाऊबाईंना म्हटले, "वहिनी, सामान मी धरते. ती काही खुंटी नव्हे." जरा फटकळच बोलले. जाऊबाई दोन मिनिटे गप्प झाल्या. मग त्यांनी स्वतःच सामानाच्या खोलीची चौकशी केली आणि सगळे तिथे ठेवून आल्या. त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हते. बसलेल्या माणसाच्या मांडीवर सामान ठेवायची आपल्याला सवयच असते.

मग पुण्याच्या पुतण्याने काढलेली युक्ती मला फार आवडली. दर दोन मोठ्या खेळांनंतर एक असा घ्यायचा, जो ताईला बसून बघता येईल, आणि तो कोणता हे तिने ठरवायचे. नकाशा तिच्या हाती आला. "तिकडची रांग बघून ये", "आता नको, जेवणाच्या वेळी कमी होईल", अशी ती हुकूम सोडू लागली. खुर्ची ढकलायच्या पाळ्या लागल्या. उतारावर खुर्ची उलटी धरून मागे मागे उतरवायची, हेही मुले शिकली.

दुपारी चारच्या सुमाराला मात्र ती एकदम अबोल झाली. "दुखतंय का?" "नाही." मी पुढे जाऊन तिच्या बोटांवरचा मोजा काढला. बोटे जांभळट, गार. नख दाबून सोडले की ते पांढरे होऊन दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवे. ते सावकाश रंगत होते. माझ्या पोटात गोळा आला.

प्रथमोपचाराच्या खोलीत तिला आडवे केले, पायाखाली दोन बॅगा आणि शाल. साताऱ्याला डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "पाय उंच ठेवा, बोटं हलवायला सांगा. अर्ध्या तासात रंग परतला नाही, बोटं बधिर झाली, हलवता येईनात, किंवा दुखणं वाढतच गेलं, तर एक मिनिट न थांबता जवळच्या हॉस्पिटलात जा आणि प्लॅस्टर चिरून घ्या. साताऱ्याला येईपर्यंत वाट बघू नका." ह्यांनी गाडी दारापाशी आणून उभी केली. मी घड्याळ समोर धरून बसले.

वीस मिनिटांनी बोटे गुलाबी झाली. मग मी विचारले, "कधीपासून होत होतं?"

"जेवल्यापासून."

"आणि मी विचारलं तेव्हा नाही का म्हणालीस?"

ती छताकडे बघत म्हणाली, "तू सकाळपासून पन्नास वेळा विचारलंस. एकदा जरी हो म्हटलं असतं तरी तू चला परत म्हणाली असतीस. सगळ्यांना."

मला उत्तर सुचेना, कारण ते खरे होते. सहल मोडू नये म्हणून पोरीने दोन तास पाय निळा होऊ दिला होता.

शेवटी आम्ही मायलेकींनी एक ठराव केला. मी पडले मास्तरीण, तेव्हा दुखण्याला दहापैकी मार्क द्यायचे. तासाला एकदाच मी विचारणार, "किती?" तिने खरा आकडा सांगायचा. चारपर्यंत मी अवाक्षर काढायचे नाही. पाच झाले की आडवे व्हायचे, पण सहल चालू. आठ झाले किंवा बोटांचा रंग बदलला की डॉक्टर, त्यावर वाद नाही. आणि तिने आकडा सांगितला म्हणून मी सगळ्यांना घरी नेणार नाही, हे वचन. तिने माझ्याकडून ते दोनदा वदवून घेतले.

"आत्ता किती?" मी विचारले.

"तीन. आणि संध्याकाळची मिरवणूक बघायची आहे."

ह्यांच्या कपाळाला आठी पडली. सासूबाई असत्या तर मला बोलल्याच असत्या. आतून मलाही तिला उचलून गाडीत घालावीशी वाटत होती. पण आणखी अर्धा तास निजवून, बोटे दोनदा तपासून, आम्ही थांबलो. खुर्ची सगळ्यांत पुढे लागली, पाय जाऊबाईंच्या मांडीवर. त्यांनी स्वतःहून तो घेतला होता. मिरवणूक संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

परतीच्या वाटेवर मुलांनी प्लॅस्टरवर आपापली नावे आणि किती वेळा किंचाळले त्याचे आकडे लिहिले. सहा आठवड्यांनी ते कापायची वेळ आली तेव्हा ताईने डॉक्टरांना विनवले, नावांवरून करवत फिरवू नका. त्यांनी मागच्या बाजूने कापून दिले. आता ते दोन तुकडे तिच्या कपाटावर आहेत. सासूबाईंना त्याचा वास येतो. दर शनिवारी त्या ते टाकून द्यायला निघतात आणि दर शनिवारी ताई ते परत कपाटावर नेऊन ठेवते.